तिरपा काप

ऑपरेशनची गोष्ट म्हटली की तुम्ही लाल दिवा, देवाचा धावा करणारी आई आणि मान खाली घालून बाहेर येणारे डॉक्टर धरून बसणार. तुम्हाला नाराज करतो. दिवा बंद पडलेला होता, आई बाकावर मेथी निवडत होती आणि डॉक्टर बाहेर आले ते चहा मिळेल का विचारत. वडलांच्या पित्ताशयात खडे होते, ते पित्ताशयासकट निघाले.

नव्वद सालाच्या आसपास आमच्यासारख्यांना दुर्बिणीचं ऑपरेशन कुठलं? पोट उघडायचेच. उजव्या बरगडीखाली, वीतभर, तिरपं.

वडील लिंबायतला एका गुजराती शेठच्या कारखान्यात लूम चालवायचे, कापड विणायचे. पट्टी बदलताना त्यांनी तो काप पाहिला आणि हबकलेच. कापड धाग्याच्या रेषेत कापलं तर धड राहतं, तिरपं कापलं की ताणतं, कडेचे धागे सुटतात. आयुष्यभर हेच बघितलेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की उशी पोटाशी दाबून खोकायचं, नाहीतर छातीत कफ साचून न्यूमोनिया होईल. आत एकेक थर वेगळा शिवलाय, काही होत नाही. वडलांनी मान डोलवली. डॉक्टर गेल्यावर आईला म्हणाले, "शिवेल व्हई. पन कापेल तिरपं शे ना."

आणि खोकेनात. दुसऱ्या दिवशी छाती घरघरायला लागली, अंग तापलं. आईने विनवलं, सिस्टरने दम दिला, काही उपयोग नाही.

तालुक्याच्या शाळेत मी मास्तरांच्या नकलांपलीकडे काही शिकलो नव्हतो. मग शेजारच्या खाटेवरच्या काकांचा चष्मा नाकाच्या टोकावर घेतला आणि वडलांचा शेठ झालो. सुट्टीत लिंबायतला गेलो की बघायचो, शेठ कापडाचा ताका उजेडाला धरून खोट काढायचा. मी तशीच चादर उचलली, एक डोळा मिटला, पट्टी न्याहाळली आणि नाकातून म्हणालो, "आ कोणे काप्यो? काप सीधो नथी. माल पाछो मोकलो." म्हणजे काप सरळ नाही, माल परत पाठवा.

वडील हसले. हसता हसता खोकला आला आणि थांबेचना. दोन्ही हातांनी पोट धरून ते वाकले. ढीगभर कफ पडला. सिस्टर धावत आली, पट्टी उघडली. टाके जिथल्या तिथे.

वडलांनी स्वतः मान उचलून खात्री केली. मग माझ्याकडे वळले.

"तुले अक्कल शे का? आधी सांगाले काय झायं? उशी तरी धरी लेतू मी."