जैतुनबीची सैल बांगडी

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत जैतुनबी बांगड्या भरायची. अडीचच्या मापाच्या हातात ती सव्वादोनची बांगडी चढवणार, आणि वर बाईनं हुं की चूं करायचं नाही. केलंच, तर "सासरी जाताना एवढी रडलीस का?" म्हणून विचारणार. बांगडी सैल भरणं तिच्या मते निव्वळ आळस होता.

शेजारच्या सरूबाईच्या छातीत कर्करोगाची गाठ निघाली. निजामाच्या रेल्वेनं हैदराबादला नेलं, ऑपरेशन झालं, बाई वाचली. पण वर्षभरानं डावा हात सुजायला लागला. बांगड्या मनगटात रुतल्या, तेव्हा जैतुनबीनंच त्या वाढवून मनगट मोकळं केलं. आता वैशाखात लेकीचं लग्न होतं.

"नवरीची आई उघड्या मनगटानं मांडवात कशी फिरणार? मी बसते आतल्या खोलीत," सरूबाई म्हणाली.

"बसशील बरी. मग मी कशाला हाय इथं?"

जैतुनबीनं तेल घेतलं आणि हात दंडापासून बोटांकडं रगडून काढला. बांगडी भरताना तळवा रगडायची तसाच, फक्त दुप्पट जोरानं. सुजेचं पाणी बोटांतून निघून जाईल असा तिचा तर्क. सकाळी पंजा टम्म फुगलेल्या भाकरीसारखा.

दवाखान्यातल्या नर्सबाईनं दोघींना समोर बसवलं. ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठीही काढल्यात, त्यामुळं हातातलं पाणी वर जायची वाट अडलीय, असं तिनं समजावलं. "बोटांना काय भोकं आहेत? पाणी वरच न्यायचं. आधी मान आणि खांदा मोकळा करायचा, मग दंड, पंजा सगळ्यात शेवटी. जोर लावायचा नाही. नुसती कातडी सरकली पाहिजे."

"एवढ्या हलक्या हातानं तर मांजर बी जागं व्हायचं नाय," जैतुनबी पुटपुटली. पण शिकली.

चोळून झालं की पट्टी. बोटांकडं घट्ट, वर जाताना सैल होत जाणारी. त्यासाठी सरूबाईच्या नवऱ्याचा, पुंजारामचा, जुना मऊ पटका फाडला. पुंजाराम महिनाभर टोपी घालून हिंडला. कुणी विचारलं की म्हणायचा, "पटक्याला दवाखान्यात नोकरी लागली." पट्टी बांधलेल्या हातानं सरूबाई मूठ मिटायची, उघडायची, दोरीवरचे कपडे काढायची. झोपताना हात गोधडीच्या घडीवर उंच.

दर शुक्रवारी जैतुनबी बांगडी लावून बघायची. पहिल्यांदा तिच्याकडची सगळ्यात मोठी बांगडीही अंगठ्याशी अडली. तिसऱ्या शुक्रवारी तीनची गेली. पाचव्याला पावणेतीनची.

लग्नाच्या आदल्या दिवशी बांगड्या भरायला अख्खी गल्ली जमली. सरूबाईनं डावा हात पुढं केला. जैतुनबीनं सवयीनं अडीचची उचलली, तळवा रगडायला अंगठा टेकवला, आणि थांबली. चढली असती. तिला ते ठाऊक होतं. पण या हाताला एकाच जागी आवळणारं काही नको, जड उचलणं नको, असं नर्सबाईनं बजावलं होतं. तिनं अडीचची परत ठेवली आणि पावणेतीनच्या हिरव्या चार भरल्या. त्या मनगटावर खळखळत इकडून तिकडं गेल्या.

"लई सैल झाल्या गं," सरूबाई म्हणाली. डोळे भरले होते.

"सैलच पाहिजेत," जैतुनबी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आणि मांडवातून घरी आलीस की पट्टी. पटका धुवून ठेवलाय."

सरूबाई वाकली, जैतुनबीला नमस्कार केला, आणि त्याच हातानं रुखवताचं जड ताट उचलायला गेली. जैतुनबीनं ते तिच्याकडून काढून पुंजारामच्या हातात दिलं.