रऊफ गादी दाबून पाहतो

एप्रिलच्या एका सकाळी रऊफ गादीवाल्यानं शिरपूर जैनच्या बाजारात एवढंच सांगितलं, की फरहीनला शिबिरात घालायचं चाललंय, आणि दुपारपर्यंत अर्ध्या गावाला पोरीच्या डोळ्यांची काळजी लागली. यात गावाचं काही चुकलं नाही. आमच्याकडे शिबिर म्हटलं की डोळ्यांचं, नाहीतर रक्तदानाचं, आणि आवाज खाली आणून म्हटलं की कुटुंब नियोजनाचं. चौथं शिबिर गावानं पाहिलेलं नाही. फरहीन दहा वर्षांची, म्हणजे तिच्या वाट्याला डोळेच येणार. चहावाल्यानं "एक डोया का दोनी?" असं विचारून घेतलं. भाजीवाली रामीबाई तर ओंजळभर गाजरं घेऊन थेट दुकानात आली.

"कच्चे खाऊ घाल पोट्टीले. अन् मोबाईल पयले फेकून दे."

"डोये चांगले हायत, मावशी. हे राह्याचं शिबिर हाय. चार दिवस तिकडंच झोपाचं, खेयाचं, घोड्यावर बसाचं."

"काहून? घरी झोप येत नाही का तिले?"

हा प्रश्न रऊफला इतका आवडला की संध्याकाळपर्यंत त्यानं तो येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवला. खरं सांगायचं तर पोरीला पाठवायचं त्याच्या जिवावर आलं होतं. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली ही एकुलती एक. जन्मल्यापासून एक रात्र ती बापाला सोडून झोपलेली नाही, आणि झोपते तीही बापाच्या पोटावर पाय टाकून. ऐन मे महिन्यात कूलर बंद पडला तरी रऊफ घोरत राहतो, पण पोटावरचा पाय सरकला की उठून बसतो. एवढ्या दाढीवाल्या गड्यानं हे कुणाला सांगायचं?

रऊफचा धंदा कापूस पिंजून गाद्या भरायचा. बापाचा तोच, आज्याचाही तोच; थोडा माल वाशीमच्या दुकानांतही जातो. त्याच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची, कापसावर झोपणारी आणि फोमवर झोपणारी. 'फोम' हा शब्द तो शिवी दिल्यासारखा उच्चारतो. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तर पाण्याचा ग्लास हातात यायच्या आत दिवाणावरची गादी दाबून पाहतो. मेहुणीच्या सोयरिकीची बोलणी करायला गेला, तेव्हा मंडळी मुलाचं शिक्षण सांगत होती आणि याचं सगळं लक्ष स्वतःच्या मांडीखाली. "पोट्टा ठीक हाय, पन हे गादी कोनं भरली?" सोयरीक तरी जमली हे त्याच्या बायकोच्या, अनिसाच्या बहिणीचं नशीब. स्वतःच्या हातच्या गादीला मात्र त्यानं जन्मात नाव ठेवलं नाही आणि दुसऱ्याला ठेवू दिलं नाही. एका गुरुजींनी गादीत गोळे झाल्याची तक्रार आणली, तर यानं त्यांना पाठ दाखवायला डॉक्टरकडे धाडलं.

शिबिराचं खूळ आणलं निकितानं. निकिता फरहीनच्या वर्गातली, आणि तिचा बाप जगदेव रऊफच्या वर्गातला. सोयाबीन-तुरीचा शेतकरी, मोठ्यानं हसणारा, रऊफला 'बे' म्हणायची परवानगी असलेला गावातला एकमेव माणूस. निकिता म्हणे, फरहीन आली तरच मी जाईन. त्यामुळे दोघींचा उन्हाळा रऊफच्या होकारावर येऊन अडकला. अनिसानं मात्र घोळ घातला नाही. "पोट्टी जाईन," ती म्हणाली. "मी तिच्या उमरीत नाल्यापलीकडं गेली नव्हती, तेवढं पुरे झालं. जागा फक्त तुमी पसंत करा, फरहीनचे अब्बू." इथंच तिची चूक झाली.

रऊफची मालवाहू रिक्षा निघाली. पुढे रऊफच्या बाजूला दाटीवाटीनं जगदेव, आणि मागे गाद्यांच्या जागी अनिसा आणि दोन पोरी, गाणी म्हणत.

पहिलं शिबिर वाशीमच्या बाजूला. टाय लावलेले एक सर पोरांचे नेतृत्वगुण कसे फुलवतात ते सांगत होते आणि जगदेव काही न कळता मान डोलवत होता. रऊफ मधेच गायब झाला. शोधलं तर मुलांच्या खोलीत एका गादीवर तळवा टेकवून, वैद्य नाडी बघतो तसा डोळे मिटून उभा.

"फोम," तो म्हणाला. "चाला."

दुसरं मेडशीच्या पुढे, संत्र्याच्या बागेत. तिथं खरोखरचा घोडा होता. पोरी चढल्या त्या उतरेनात. शेवटी अनिसाही बुरखा सावरत चढली आणि अशी हसत सुटली, की घोड्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. जगदेव आमरसाच्या तिसऱ्या वाटीवर होता. सगळ्यांचं ठरलंच होतं म्हणा ना. तेवढ्यात रऊफ खोलीतून बाहेर आला, चेहरा लांब करून.

"ओल हाय."

"कशात?" जगदेवनं विचारलं.

"गादीत."

"रऊफ, बाहीर चव्वेचायीस डिग्री हाय. ओल कुठून आली बे?"

"आतून."

जगदेव वाटी खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिला. फरहीन घोड्याकडे वळून बघत रिक्षात चढली. झोपेतही बडबडणारी पोरगी, पण परतीच्या वाटेवर मागून एक गाणं आलं नाही. रिक्षा दुकानासमोर थांबली तेव्हा ती उतरून बापापुढे उभी राहिली.

"आता आसेगावचं एकच राह्यलं, अब्बू. तिथं बी गादी खराब निंघाली तं सांगून द्या. मंग मी कुठंच जाचं म्हननार नाही. कधीच नाही."

रऊफला हवं होतं ते हेच. आणि ते असं हातात आल्यावर तो रिक्षाची चावी काढायलाच विसरला. रात्री फरहीन त्याच्याकडे पाठ करून झोपली, पाय स्वतःजवळ घेऊन.

आसेगावचं शिबिर विजयमालाबाईंच्या मळ्यात होतं. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, साडीचा पदर खोचून पोरांमागे पळणाऱ्या. त्यांनी नेतृत्वगुणांचं नावही काढलं नाही. "विहिरीवर आम्ही दोघी-तिघी मोठ्या असतो, जेवण मी स्वतः पाहते, आणि कुणाला घरची आठवण आली तर मनसोक्त रडू देते," एवढं सांगितलं आणि आंब्याखालची लांबलचक खोली उघडली. जमिनीवर ओळीनं गाद्या. पोरींनी चपला भिरकावल्या आणि एका गादीवरून दुसरीवर उड्या सुरू केल्या. कुणी थांबवेना म्हटल्यावर जगदेवनंही एक मारून घेतली.

रऊफ वाकला. पहिली गादी दाबली. हात आत गेला आणि हळूच वर आला. दुसरी दाबली, तिसरी दाबली. मग त्यानं गादीचा कोपरा उलटला आणि तिथंच उकिडवा बसला. कोपऱ्यावर शेवटचा टाका तिरपा होता. असा तिरपा टाका अख्ख्या जिल्ह्यात एकच माणूस घालतो, कारण त्याच्या बापाची सुई तशीच वळायची.

"वाशीमच्या एका दुकानातून घेतल्या," विजयमालाबाई म्हणाल्या. "भरल्या कुणी ते काही माहीत नाही. पण एवढे उन्हाळे पोरं नाचतात त्यांच्यावर, एक गोळा झाला नाही. त्या माणसाच्या हाताला देवानं काहीतरी दिलंय."

जगदेवनंही तो टाका पाहिला. त्याच्या लग्नाची गादीही रऊफनंच भरली होती. त्याला जे हसू फुटलं ते आवरेना. भिंतीला टेकला, मग खाली बसला, मग आडवाच झाला. "सांग बे रऊफ! सांग आता! आतून ओल हाय का फोम हाय?" अनिसानं ओढणी तोंडात कोंबली, तरी खांदे हलतच होते. निकिताला काय झालं ते कळलं नव्हतं, पण ती सगळ्यांत मोठ्यानं हसत होती.

रऊफ उठला. बाईंकडे पाहिलं, मग पोरीकडे. फरहीन गादीच्या मधोमध उभी होती, हात घट्ट बांधून.

"खराब हाय," रऊफ म्हणाला.

जगदेवचं हसू तिथल्या तिथं थांबलं.

"गादी खराब हाय. भरनाऱ्याले काम येत नाही."

ज्या माणसानं गुरुजींच्या पाठीत दोष काढला पण गादीत नाही, त्याच्या तोंडून हे शब्द निघाले. अनिसानं ओढणी खाली घेतली.

फरहीन गादीवरून उतरली. कोपऱ्याशी बसून तिनं टाक्यावरून बोट फिरवलं. बापाची सुई ओवून द्यायचं काम तिचंच.

"अब्बू, हे तं आपली हाय."

"हाय."

"मंग खराब कशी?"

रऊफनं छताकडे पाहिलं, आंब्याकडे पाहिलं. पोरगी हलेना.

"तू इथं झोपशीन, बेटा," तो शेवटी म्हणाला, "मंग मी कसा झोपू?"

फरहीन बापाच्या तोंडाकडे बघतच राहिली. एवढा मोठा माणूस, आणि एवढंच कारण! तिला हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम, आणि ती बापाच्या गळ्यात पडली. "सांगाचं ना मंग तसं! गादीले कायले बदनाम करता? मले बी तं भेव वाटते. मी तुमच्याच गादीवर झोपीन अब्बू, तुमी बी आपल्या झोपजा."

जगदेव उगाच नाक ओढत होता. विजयमालाबाईंनी विचारलं, "मग, काय ठरलं?"

आयुष्यभर दुकानाच्या पायरीवर उभं राहून रऊफनं एकच वाक्य हजारो गिऱ्हाइकांना ठणकावून सांगितलं होतं, छाती पुढे काढून. आज ते त्याच्या तोंडून फुटता फुटेना. त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

"गादी एक नंबर हाय, बाई," तो म्हणाला.

फरहीननं अशी आरोळी ठोकली की आंब्यावरचे पोपट उडाले, आणि ती निकिताला घेऊन परत गाद्यांवर उड्या मारायला लागली.