शंभरातून सात

“तुमचं सोडियम एकशे अठरा आहे,” डॉक्टर म्हणाले. “एकशे पस्तीसच्या खाली जायला नको. इथवर आलात कशा?”

रिक्षाने, मी म्हटलं. मला भीती वाटली नाही, हायसंही वाटलं नाही. दोन आठवड्यांपासून मला काही वाटेनासंच झालं होतं.

मी मस्कतला शाळेत गणित शिकवते. सुट्टीत पनवेलच्या खांदा कॉलनीत नणंदेकडे, वर्षाकडे उतरते आणि वर्षभर साठवलेली दुखणी इथे दाखवते. आखातातली आमच्यासारखी पुष्कळ कुटुंबं हेच करतात. इथे परवडतं आणि डॉक्टरशी मराठीत बोलता येतं.

यंदा आल्याआल्या वर्षाच्या मशीनवर बीपी जास्त निघालं. जवळच्या दवाखान्यात गेले. चालू गोळी कोणती, असं तिथे विचारलं. सामानात जागा वाचावी म्हणून मी गोळ्या पाकिटातून काढून डब्यांत भरून आणते. झाकणावर फक्त ‘बीपी’. “छोटी, पांढरी,” मी सांगितलं. त्यांनी नवी गोळी दिली आणि जुनीचं नाव कळवा म्हणाले. मी कळवलं नाही. सकाळी मस्कतची, रात्री पनवेलची, असं वेळापत्रक मीच लावलं. शिवाय मीठ सोडलं आणि उन्हाळा म्हणून रोज चार लिटर पाणी पिऊ लागले.

आठवड्याभरात तोल जायला लागला. मग शब्द सापडेनात. कुकरच्या शिट्ट्या ऐकत मी ओट्यापाशी उभी राहिले, गॅस बंद करायचा असतो हे सुचलंच नाही. माझ्या आईचा स्मृतिभ्रंश असाच सुरू झाला होता. मी कुणाला काही सांगितलं नाही. शाळेसाठी राजीनाम्याची मेल लिहून ठेवली. चार ओळींना दुपार गेली.

शेवटी वर्षा मला तिच्या फिजिशियनकडे घेऊन गेली. फिजिशियन म्हणजे एखादाच अवयव न बघता सबंध माणूस तपासणारा डॉक्टर. त्यांनी अर्धा तास प्रश्न विचारले. मग म्हणाले, “शंभरातून सात वजा करत जा.”

त्र्याण्णव, मी म्हटलं. पुढे काही येईना. वर्षा खिडकीबाहेर बघत राहिली.

मेंदूचा एमआरआय करायचा का, मी विचारलं. “तो लागला तर नंतर. आधी साधं रक्त,” ते म्हणाले. “आणि घरातली सगळी औषधं घेऊन या.”

दुपारी रिपोर्ट आला, तोच एकशे अठराचा. डब्यावर नाव नव्हतं, म्हणून मस्कतहून ह्यांनी रिकाम्या खोक्याचा फोटो पाठवला. डॉक्टरांनी दोन्ही गोळ्यांच्या वेष्टनांवरची बारीक अक्षरं मला दाखवली. कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी, पण दोन्हींत हायड्रोक्लोरोथायझाइड होतं. हे औषध लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढतं. मी ते दुप्पट घेत होते, वर मीठ बंद आणि पाणी चार लिटर. रक्तातलं सोडियम असं उतरलं की त्याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. त्यात माणूस गोंधळतो, पडतो, झटकेही येऊ शकतात.

तीन दिवस ॲडमिट होते. सोडियम घाईने चढवलं तर मेंदूला इजा होते, म्हणून सगळं हळू. दर सहा तासांनी रक्त काढायचे. पाणी मोजून मिळायचं.

दुसऱ्या दिवशी वर्षा म्हणाली, “वहिनी, पोरांना गणित शिकवता आणि एक अधिक एक चुकलात.” मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

घरी सोडताना डॉक्टरांनी एका कागदावर माझी औषधं लिहून दिली, कंपनीच्या नावाने नाही, आतल्या घटकाच्या नावाने. म्हणाले, “मस्कतला काय, इथे काय, डॉक्टरांना आधी हा दाखवायचा. महिन्याने तिकडे रक्त तपासा, रिपोर्ट मला पाठवा.” तो कागद पासपोर्टमध्ये असतो. तुम्हीही दोन देशांत औषधं घेत असाल तर असा कागद करून घ्या, आणि गोळ्या पाकिटातून काढू नका.

परतताना रिक्षात मी मनातल्या मनात सुरू केलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. कॉलनीच्या वळणावर दोन उरले. त्यातून सात जात नाहीत. मी फोन काढला आणि राजीनाम्याची मेल पुसून टाकली.