रंगनाथनं किती टाकले?

"माझ्या पोरानं किती टाकले?" माणिकरावांनी विचारलं.

"एकही नाही," मी म्हणालो.

"एक बी न्हाई?"

"नाही."

माणिकराव चकलांब्याचे. चांगली जमीन, गावात शब्दाला वजन. गेवराईला मुक्काम करून बैलगाडीनं बीडला आले होते. त्यांचा धाकटा मुलगा रंगनाथ आमच्या शाळेत शिकत होता आणि बोर्डिंगात राहत होता. जालन्याच्या टीमशी आमची बास्केटबॉलची मॅच नुकतीच संपली होती आणि आम्ही ती जिंकली होती. पोरांनी कॅप्टन हमीदला खांद्यावर घेतलं होतं. रंगनाथ एका बाजूला रांजणाशी पाणी पीत उभा होता. त्याच्याकडे कोणाचं लक्षही नव्हतं.

"मग त्यो तितं करीत काय हुता?" माणिकराव म्हणाले. "मी बघितलं की. नुसता हात वर करून हुबा. हात वर करून हुबं ऱ्हायला आमच्या रानात बुजगावणं हाय, मास्तर. त्येला काय मी बीडला शिकायला धाडलं न्हाई."

मला हसू आलं. ते यायला नको होतं, कारण माणिकराव हसत नव्हते.

"उद्या सकाळी घिऊन जातो त्येला. ज्वारी हुरड्यात आलीय. पाखरं राखायला माणूस मिळंना झालाय."

मी त्या शाळेत ड्रिल मास्तर होतो. राज्य निजामाचं, शाळा उर्दू. सरकारनं मला मद्रासला कसरतीच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. तिथून मी एक शिट्टी, एक कातडी चेंडू आणि बास्केटबॉलचं वेड घेऊन परतलो. लोहाराकडून मोटेच्या तोंडाला असतं तसं लोखंडी कडं करून घेतलं. दोन खांब पुरले, त्यांना फळ्या ठोकल्या, मुरूम टाकून धुमसून मैदान केलं. बीडची मंडळी पहिल्या दिवशी खळं समजून बघायला आली होती.

हा खेळ समजायला सोपा आहे. पाच जण इकडे, पाच तिकडे. चेंडू समोरच्यांच्या कड्यात टाकायचा, की दोन पॉइंट. त्या काळी प्रत्येक बास्केटनंतर चेंडू पुन्हा मधोमध उंच उडवून खेळ सुरू करायचे. दोन्हीकडचे उंच गडी तो मारायला उडत. हे उंच गडी म्हणजे सेंटर. अंगाला अंग लागलं, हाताला हात लागला, तर फाउल. चार फाउल झाले की खेळाडू बाहेर, पुन्हा आत यायचं नाही. एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

रंगनाथ येण्याआधी आमची टीम भरपूर टाकायची आणि आमच्यावर त्याहून भरपूर पॉइंट चढायचे. हमीद तर नेम धरला की सोडायचा नाही. पण त्याचं अर्धं मन कायम मागं असायचं. चेंडू हातात आला की आधी वळून बघायचा.

मग चकलांब्याचा हा मुलगा आला. ड्रिलच्या रांगेत बाकीच्यांची डोकी जिथे संपत तिथे त्याचे खांदे सुरू होत. मी त्याला मैदानात आणला. त्याला टाकता येत नव्हतं. म्हणजे अजिबातच नाही. चेंडू कडं सोडून सगळीकडे जाई, एकदा तर कडेच्या कडुलिंबावरचे कावळे उडाले. मी डोक्याला हात लावला. मग सहज विचारलं, "गावाकडं काय खेळायचास?"

"आट्यापाट्या."

आट्यापाट्यांत जमिनीवर आखलेल्या प्रत्येक पाटीवर एक जण उभा असतो. त्यानं पाटी सोडायची नाही आणि समोरच्याला पार होऊ द्यायचं नाही. मी त्याला आमच्या कड्याखाली नेऊन उभा केला. म्हटलं, "ही तुझी पाटी. इथून कोणी पार होता कामा नये."

त्याला पुन्हा काही सांगावं लागलं नाही. समोरच्यानं चेंडू उचलला की याचा हात वर आलेलाच असे. कड्यात पडू घातलेला चेंडूसुद्धा तो वरच्या वर उडवून लावी. तेव्हा असं करायला मनाई नव्हती, पुढे नियम बदलला. समोरची पोरं पहिल्या दोन-चार वेळा जोरात आत घुसत. मग आत येण्याआधी वर बघायला लागत. मग लांबूनच टाकत आणि चुकत. त्याहून मोठा फरक आमच्या पोरांत पडला. हमीद मागं बघायचा बंद झाला. आमचा सगळ्यात बुटका गडीसुद्धा बेधडक चेंडू हिसकावायला जाऊ लागला, कारण फसला तरी मागं रंगनाथ होता.

एक खोड मात्र त्यानं गावाहून आणली होती. आट्यापाट्यांत हात लागला की ज्याला लागला तो आपण होऊन बाहेर होतो, पंचाची वाट बघत नाही. रंगनाथ इथंही तेच करायचा. स्वतःचा हात समोरच्याच्या हाताला लागला की, रेफरीनं बघितलेलं असो वा नसो, आपणच हात वर करायचा. रेफरी मग फाउल देऊन टाकी.

"अरे, शिट्टी वाजवायचं काम रेफरीचं आहे," मी सांगे.

"लागला हुता की, मास्तर," एवढंच उत्तर. मी नाद सोडला.

आता हे सगळं मी माणिकरावांना सांगून पाहिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते समदं खरं असंल. पर मी गावात सांगून आलतो, पोरगं नव्या खेळात हाय म्हणून. आता चावडीवर इचारतील, किती टाकले. काय सांगू? मास्तर म्हणत्यात लई चांगला हुबा ऱ्हातो?"

मी विनवणी केली. पंधरा दिवसांनी औरंगाबादची टीम आमच्याकडे येणार होती. "तेवढी मॅच होऊ द्या," मी म्हणालो.

"हू द्या. मी येतो बघायला. त्येनं एक जरी टाकला, तर ठिवतो हितं. न्हाईतर त्याच गाडीत घालून नेतो."

रंगनाथ मागं उभा राहून ऐकत होता. त्याला गावी जायचं नव्हतं. घरात तहसिलीचा कागद आला की वाचायला दुसऱ्याच्या दारात जावं लागे, म्हणून बापानं त्याला उर्दू शिकायला पाठवलं होतं. आणि पोराला वाचायची चटकच लागली होती. बाजारातून जाताना दुकानावरचा प्रत्येक फलक मोठ्यानं वाचत चालायचा. दुकानदारांची करमणूक व्हायची. तो गेला तर माझी टीम जाणार होती हे खरं, पण त्या आवाजाची मला जास्त चिंता वाटली.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी बोलावलं. सिद्दीकीसाहेब हैदराबादचे, बोलणं गोड आणि थोडक्यात.

"सुना है, लंबू जा रहा है?"

"एक बास्केट टाकलं तर राहील, साहेब."

"तो डलवाओ! मुश्किल क्या है?"

"तो टाकायला पुढं गेला तर मागं कोण उभं राहणार? मॅच जाईल."

"मास्टर, एक मॅच हारेंगे तो अगले साल दूसरी खेलेंगे. लड़का गया तो अगले साल किसको खड़ा करोगे?"

म्हणणं बिनतोड होतं. हमीदनंही तेच ठरवून टाकलं होतं. "मास्टरसाब, मैं उसकोच बॉल देता. एक तो जायेंगा." पंधरा दिवस रंगनाथ संध्याकाळी अंधार पडेपर्यंत टाकत राहिला. हमीद चेंडू आणून देत राहिला. कावळ्यांनी त्या लिंबावर बसणं सोडलं. कड्याला मात्र काही त्रास झाला नाही.

मॅचच्या दिवशी सगळं बीड लोटलं. आमच्या पब्लिकनं या खेळाची आपली एक रीत बसवली होती. आपली टीम ज्या कड्यात टाकणार, त्या टोकाला सगळे बसत. अर्धा खेळ झाला की टीम बाजू बदलतात. मग सगळं पब्लिक घोंगड्या, पोरंबाळं आणि भुईमुगाच्या शेंगा उचलून पलीकडच्या टोकाला जाई. टाकताना बघायचं, बाकी काय बघायचं? माणिकराव पुढच्याच रांगेत घोंगडी अंथरून बसले होते. गाडी मैदानाबाहेर उभी होती.

खेळ सुरू झाला आणि रंगनाथ बापाच्या दिशेनं पळाला. हमीदनं चेंडू दिला. रंगनाथनं टाकला. फळीवर आपटून परत आला. माणिकराव अर्धे उठले आणि बसले. पुन्हा चेंडू, पुन्हा फळी. मागं आमचं कडं उघडं. औरंगाबादची पोरं तिथं घरात शिरावं तशी शिरत होती. हमीद पुन्हा मागं वळून बघायला लागला आणि त्याचाही नेम चुकायला लागला. बुटका गडी चेंडू हिसकावायचं विसरला. धावपळीत रंगनाथचे दोन फाउलही झाले. हाफ टाइमला आम्ही पार मागं पडलो होतो.

रंगनाथ माझ्याजवळ आला. डोळे भरले होते.

"मास्तर, एक तरी पडंल का हो?"

"खरं सांगू? नाही पडणार."

त्यानं मान खाली घातली. एवढा आडदांड मुलगा, आणि चेहरा अगदी लहान पोरासारखा झाला होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तू आपल्या कड्याखाली जा. तुझ्या आबांचं मी बघतो."

काय बघणार होतो ते मलाही माहीत नव्हतं. मी वळलो तर पब्लिक उठलं होतं. माणिकरावही घोंगडी झटकत होते. मी पळतच गेलो.

"तुम्ही इथंच बसा."

"समदे तिकडं चाललेत. आता तितं टाकतेत न्हवं?"

"हो. पण तुमचा मुलगा इकडं येतोय."

ते कुरकुरत बसले. त्या टोकाला आता ते एकटेच होते. "एवढंच करा," मी म्हणालो. "रंगनाथकडं बघू नका. चेंडू घेऊन जो येईल त्याच्या तोंडाकडं बघा."

दुसरा अर्धा सुरू झाला. औरंगाबादचा पहिला गडी सुसाट आला, वर बघितलं आणि चेंडू टाकायचाच विसरला. दुसऱ्यानं टाकला, तो रंगनाथनं थेट हमीदकडं मारला आणि हमीदनं मागं न बघता कड्यात घातला. मी लाइनीवर उभा होतो, माणिकराव मला दिसत नव्हते, पण ऐकू येत होते. आधी गप्प. मग एकदा खो खो हसले. मग ओरडायलाच लागले, "आलं बे, आलं! डावीकून आलं!" शेवटी तर रानात पाखरं हाकताना काढतात तसा आवाज काढू लागले. पलीकडचं पब्लिक माना वळवून बघायला लागलं.

औरंगाबादला त्या वेळात एकच बास्केट मिळालं. आम्ही गाठलं आणि पुढं गेलो. एक फाउल रेफरीनं धरला, तो तिसरा. थोडाच वेळ राहिला होता. त्यांचा कॅप्टन आत घुसला, रंगनाथनं चेंडू वरच्या वर उडवला. रेफरी चेंडूकडं बघत होता. शिट्टी वाजली नाही. सगळे पळायला लागले.

रंगनाथ जागेवर उभा. हात वर.

मी डोळे मिटून घेतले. रेफरीही बिचारा गोंधळला, पण फाउल म्हणजे फाउल. चौथा. रंगनाथ बाहेर आला आणि माझ्या शेजारी बसला.

त्याच्या जागी पाठवलेला मुलगा वाईट नव्हता. उंचीही बरी होती. पण औरंगाबादची पोरं आता वर बघत नव्हती. एक बास्केट चढलं, दुसरं चढलं. हमीद वळून बघायला लागला. पलीकडून माणिकरावांचा जीव तोडून आवाज येत होता, "आरं, कुनीतरी हुबं ऱ्हावा की हितं!" आम्ही एका बास्केटनं हरलो.

सिद्दीकीसाहेब तरातरा आले. "हाथ क्यों उठाया? किसने देखा था?"

तेवढ्यात माणिकराव खांद्यावर घोंगडी टाकून पोचले. त्यांनीही तेच विचारलं. "हात कावून वर केलास बे?"

"लागला हुता, आबा."

"लागला हुता?"

"व्हय."

"मग वर कराया पायजेच," माणिकराव म्हणाले. साहेबांनी पुढचा शब्द गिळला.

रंगनाथ उठून उभा राहिला. "आबा, एक बी न्हाई टाकला. गाडीत बसू का?"

माणिकरावांनी त्याच्याकडं बघितलंच नाही. मला म्हणाले, "मास्तर, ह्यो हितं हुता तवा त्यांचे किती पडले?"

"या अर्ध्यात? एकच."

"आन ह्यो उठल्यावर?"

"तुम्ही बघितलंत."

"बघितलं की. समोरून बघितलं." त्यांनी खांद्यावरची घोंगडी सारखी केली. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या त्येला हितंच. पर एक सांगतो. पुन्यांदा त्येला टाकायला लावू नका. लई वंगाळ टाकतंय."

त्या संध्याकाळी गाडी पोराला न घेताच गेली. रंगनाथ शाळा संपेपर्यंत बीडला राहिला आणि बाजारातले फलक वाचत राहिला.

पुढच्या वर्षी औरंगाबादची टीम पुन्हा आली. हाफ टाइम झाला, पब्लिक घोंगड्या उचलून निघालं. माणिकराव बसून राहिले. त्यांच्या शेजारी चकलांब्याची आणखी पाच-सहा माणसं बसली होती. जाता जाता कोणीतरी ओरडलं, "अहो पावणं, चला की! तिकडं टाकतेत."

"टाकू द्या," माणिकराव म्हणाले. "आमचं माणूस हितं हाय."

पुढे माझ्या बऱ्याच बदल्या झाल्या, बऱ्याच टीम हातून गेल्या. खेळ शिकवणाऱ्यानं पोरांना कुठं उभं राहायचं ते सांगावं हे मद्रासला शिकवलं होतं. त्यांच्या बापांना कुठं बसवायचं हे मात्र मला बीडमध्ये कळलं.