चेंडू बघायला दुसरा

चांगल्यांबरोबर खेळल्याशिवाय खेळ सुधारत नाही, असं ऐकून मी एका मुरब्बी, वयस्कर खेळाडूला गळ घातली. मुळशीतल्या आमच्या गोल्फच्या मैदानावर त्यांच्याइतका सरळ फटका कुणाचाच नव्हता. पट्टीचे जुने सोबती सोडून ते माझ्यासारख्या नवशिक्याबरोबर यायला लगेच तयार झाले, याचं मला अप्रूप वाटलं.

माणूस मूळचा माले गावचा, बोलणं रोखठोक. फटक्याआधी टोपी मागे सारायची, एकदा खाकरायचं आणि मग काठी फिरवायची. चेंडू उडाला तरी त्यांची मान खालीच असायची. मी मात्र दर वेळी वर बघायचो आणि फटका चुकायचा.

"मान कशाला उचलताय? चेंडू कुटं जातोय ते बगायला दुसरा हाय की," ते करवादायचे.

त्यांचा चेंडू बघायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. "कसा गेला?" ते विचारायचे आणि मी सांगायचो. ही शिस्तच आहे, असं मी धरून चाललो होतो. मग एकदा अगदी पायाजवळ पडलेला पांढरा चेंडू त्यांनी बुटानं चाचपून शोधला. जुने सोबती का सोडले, ते मला तेव्हा कळलं. तरी चेंडू कुठे गेला, ते मी पहिल्यासारखंच सांगत राहिलो.

गेल्या रविवारी आभाळ दाटून आलं होतं. त्यांचा चेंडू वळला आणि जवळच्याच तळ्यात डुबकन पडला.

"कसा गेला?"

"सरळ," मी म्हणालो.

पाण्याचा आवाज आम्हा दोघांनाही आला होता. मग त्यांनी काठी पिशवीत ठेवली आणि उतार उतरताना पहिल्यांदाच माझा दंड धरला.