आत्याबाईंची अकरा नावं

नाशिकहून निघताना बायकोला सांगून ठेवलं होतं, या वेळी आत्याबाईंना घेतल्याशिवाय परत येणार नाही. वडिलांची ही थोरली बहीण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात चाळीस वर्षं बायबलबाई (घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवणारी) म्हणून राहिलेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशन आणि मग महिनाभर आमच्याकडे विश्रांती, असं दोनदा ठरलं आणि दोन्ही वेळा तिने मोडलं. कारण एकच, 'रविवार सोडून येता येत नाही.' आता देवाला हिचे डोळे नकोत का? पण हे तिला सांगणार कोण!

दिग्रसच्या अलीकडे एस.टी. कापसाच्या गाड्यांमागे अडकली ती दीड तास. पुढे जिनिंगचा कारखाना, मागे ट्रॅक्टर, मध्ये आम्ही.

"केवढी ही गर्दी!" मी वैतागून म्हणालो.

"कायची गर्दी बाप्पा," शेजारचे धोतरवाले म्हातारे म्हणाले. "औंदा निम्मा कापूस अळीनं खाल्ला. पयले याच्या तिप्पट गाड्या राहे."

दिग्रसला एस.टी. सोडली. पुढे काळीपिवळी जीपमध्ये चौदा माणसं आणि एक शेळी होती. शेळी माझ्या पायावर उभी होती.

आत्याबाईने चाचपडत ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी केली होती. भाजीत मीठ दोनदा पडलं होतं. मी मुकाट्याने खाल्लं आणि विचारलं, "पेटी भरली का?"

"रविवार होऊ दे, बाबू."

"उद्याच रविवार आहे. साडेदहाची गाडी चुकली तर पुढची रेल्वे चुकेल, डॉक्टरांची तारीख चुकेल."

"होऊ दे ना," ती म्हणाली. हा 'ना' नेमका कशाला, ते कळलं नाही. माझं डोकं तडकलं.

सकाळी नऊला तिला हाताला धरून देवळात नेलं. इथली माणसं चर्चला देऊळच म्हणतात. टिनाच्या छपराची एकच खोली. कोपऱ्यात कोणाचा तरी कापूस रचलेला, त्यामुळे प्रार्थनेत सगळे शिंकत होते. सगळे म्हणजे सहाजण. लग्नकार्य सोडलं तर मी वीस वर्षांत चर्चची पायरी चढलो नव्हतो, म्हणून दाराशी बसलो आणि घड्याळ बघत राहिलो.

गीत झालं, आणि आत्याबाईने हजेरी सुरू केली. वही हातात, पण डोळे मिटलेले. सगळी नावं तोंडपाठ.

"दानीएल!"

"हाजर," देवळाची किल्ली सांभाळणाऱ्या सुमनबाई म्हणाल्या.

"रूथ!"

"हाजर," पुन्हा सुमनबाईच. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

"पोट्टे सुरतले गेले कामाले," त्या माझ्याकडे वाकून कुजबुजल्या. "पन देवासमोर नाव रिकामं ठेवत नाही आमी. मांगं राह्यला थो त्याच्यासाठी हाजर म्हनते अन् हप्ताभर प्रार्थना करते. मायाजवळ आठ हायेत. आत्याबाईजवळ अकरा."

म्हणजे हे होतं तर! तेवढ्यात आत्याबाई म्हणाली, "मी नाशिकले चालली. मायी नावं कोन घेते?"

एक म्हातारा हळूच म्हणाला, "माये नवच पुरे होत नाहीत, बाई."

"मंग मी कशी जाऊ?" म्हणत ती खाली बसली. घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

माझा तोल गेला. "मी घेतो! सगळी घेतो! हाजर, हाजर, हाजर! झालं? आता ऊठ!"

देवळात इतक्या मोठ्याने ओरडल्याची मला लगेच लाज वाटली. पण कोणी रागावलं नाही. सुमनबाईंनी जवळ येऊन माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. आत्याबाईने बाकाखालून पेटी ओढली. आधीच इथे आणून ठेवलेली, भरलेली, वर सुतळीने बांधलेली.

"चाल," ती म्हणाली.

गाडी मिळाली. खिडकीशी बसल्याबसल्या तिने मला नावं घोकायला लावली. दानीएलच्या थोरल्या भावापासून बंगलोरला नर्स असलेल्या एस्तेरपर्यंत.

"महिनाभरच ना?" मी विचारलं.

"महिना? एक डाव घेतलं का मरेपर्यंत घ्या लागते. बाप्तिस्मा का महिन्याचा रायते?"

हे आधी सांगायला काय झालं होतं? मी चरफडत बोटांवर मोजलं. "ही दहाच झाली. अकरावं कोणाचं?"

"थे तुयं हाय," ती बाहेर बघत म्हणाली. तिला तिथलं काही दिसत नव्हतं. "ईस वर्सं त्याले हाजर म्हनून राह्यली मी. थे कोनाले देत नाही."

मी पुन्हा पहिल्यापासून दहा नावं घोकायला लागलो.

ऑपरेशन झालं, डोळे स्वच्छ झाले, आणि आत्याबाई महिना पुरा व्हायच्या आत परत गेली. नावं तिने परत मागितली नाहीत. रविवारी उशिरा उठायची माझी चैन गेली, याचा राग अजून आहे. देवाशी माझं अजून नीट जमलेलं नाही. तरी पावणेदहाला चहाचा कप बाजूला ठेवून मी दहा नावं घेतो आणि प्रत्येकाला हाजर म्हणतो. बायको हसते. दहावं झालं की मी थोडा थांबतो, कारण त्याच वेळी तिकडे माझं नाव पुकारलं जातं.