हर्क्युलिस इंजिनाचं लॅन्कॅस्टर

मार्टेनने खोका लॅबच्या दाराशी ठेवला आणि स्वतः दीड मीटर मागे सरकला. मी मास्क सारखा करून झाकण उघडलं. आत ओल्या फडक्यात गुंडाळलेलं, पावाच्या लादीएवढं एक ढेकूळ होतं. पांढरट, भुसभुशीत, चिखलाचा वास येणारं.

"हा विमानाचा तुकडा आहे," तो म्हणाला. "कुठल्या विमानाचा, ते तू सांगायचंस."

मी आइंडहोव्हनला इंडस्ट्रियल सीटी स्कॅनिंग करते. हॉस्पिटलात मशीन पेशंटभोवती फिरतं. आमच्याकडे वस्तू टर्नटेबलवर फिरते आणि एक्स-रे जागच्या जागी असतो. एरवी मी चिप बनवणाऱ्या मशीनच्या पार्ट्समधल्या भेगा शोधते. लॉकडाऊनमुळे लॅबमध्ये एका वेळी एकालाच परवानगी होती, त्यामुळे मार्टेन खाली पार्किंगमध्ये आपल्या गाडीत बसला आणि आम्ही व्हिडिओ कॉलवर बोलू लागलो. तो हवाई दलातून निवृत्त झालेला, आर्नहेमचा. जमिनीत रुतलेली महायुद्धातली विमानं बाहेर काढणाऱ्या टीमचा प्रमुख.

उत्तरेकडच्या एका पोल्डरमध्ये, म्हणजे पाणी हटवून मिळवलेल्या जमिनीत, शेताखाली त्यांना इंजिन सापडलं होतं. चौदा सिलिंडर, गोलाकार बसवलेले. हे हर्क्युलिस इंजिन. त्या भागात दोन ब्रिटिश बॉम्बर बेपत्ता होते, एक स्टर्लिंग आणि एक लॅन्कॅस्टर. लॅन्कॅस्टर म्हटलं की मर्लिन इंजिन, म्हणजे सिलिंडरच्या दोन सरळ रांगा. म्हणून सगळ्यांनी स्टर्लिंग ठरवून टाकलं.

मार्टेनला मात्र चैन पडत नव्हती. युद्धात मर्लिन कमी पडतील या धास्तीने थोडी लॅन्कॅस्टर हर्क्युलिस लावून बनवली होती. त्यांना मार्क टू म्हणत. बेपत्ता लॅन्कॅस्टर नेमकं मार्क टू होतं. म्हणजे इंजिनावरून काहीच ठरत नव्हतं.

मी विचारलं, एवढा फरक का पडतो? त्याने सांगितलं. स्टर्लिंग बॉम्ब टाकून परत येताना पडलं होतं. लॅन्कॅस्टर जाताना पडलं, पोट भरलेलं असताना. विमान कोणतंही असलं तरी बॉम्बनाशक पथक येणारच होतं, पण रिकाम्या विमानासाठी आखलेलं सुरक्षा-वर्तुळ शेतातच संपत होतं. भरलेल्या विमानाचं वर्तुळ रस्ता ओलांडून एका वृद्धाश्रमापर्यंत जात होतं. तिथल्या आजी-आजोबांना कित्येक आठवडे घरच्यांनाही भेटू दिलेलं नव्हतं. त्यांना नुसत्या शंकेवरून बाहेर काढायला महापौर तयार नव्हत्या, आणि ते मला चूकही वाटलं नाही. मुख्य खोदकाम सोमवारी सुरू होणार होतं.

विमानाच्या प्रत्येक पार्टवर ड्रॉइंग नंबर ठोकलेला असे. स्टर्लिंगचा एस २९ ने सुरू होई. लॅन्कॅस्टरच्या नंबरात ६८३ येई, इंग्रजी आकड्यांत 683. या ढेकळात सांगाड्याचा एक ब्रॅकेट होता, पण घासून साफ करायला गेलं तर गंजाबरोबर नंबरही निघून आला असता. ठोकताना धातूत पडलेले खड्डे गंजाखाली शाबूत असतील, तर सीटीत ते दिसणार होते.

पहिला स्कॅन साफ फसला. अॅल्युमिनियमच्या ब्रॅकेटमध्ये पोलादी बोल्ट होता. अॅल्युमिनियममधून एक्स-रे सहज जातात, जाड पोलादात अडतात, आणि मग चित्रभर पांढरे पट्टे उमटतात. आमच्याही चित्रात पट्टेच पट्टे होते.

तेवढ्यात माझा बॉस रिक याचा फोन आला. दुपारनंतर मशीन दुसऱ्या क्लायंटसाठी बुक होतं. मी त्याला वृद्धाश्रमाचं सांगितलं. तो म्हणाला, क्लायंटशी मी बोलतो, तू मशीन सोडू नकोस.

मी ढेकूळ तिरकं बसवलं, म्हणजे बोल्टची सावली नंबराच्या संभाव्य जागेवर पडणार नाही. समोर तांब्याचा पातळ पत्रा लावला. तो कमजोर एक्स-रे गाळून टाकतो. स्कॅन मुद्दाम संथ ठेवला. जेवायचं मी विसरले. मार्टेन गाडीत सँडविच खात होता, तेही अर्धं राहिलं.

मग मी पडद्यावर एकेक थर सोलत खाली गेले. गंज. गंज. राखाडी धातू. आणि अचानक एक गोल खड्डा, त्याला वर शेपूट. सहा. त्याच्या बाजूला काहीतरी पुसट. त्यानंतर स्वच्छ तीन.

"मधला आकडा?" मार्टेनने विचारलं.

"आठ वाटतोय. पण वाटतोय म्हणून मी सही करणार नाही."

मी ब्रॅकेट उलटा बसवून पुन्हा स्कॅन केला. या वेळी मधल्या आकड्याची दोन्ही वर्तुळं पूर्ण बंद झालेली दिसली, म्हणजे तो आठच. मी स्क्रीन शेअर केली. मला नाचावंसं वाटत होतं.

"लॅन्कॅस्टर," मी म्हटलं.

मार्टेनने चष्मा काढला. मग त्याने महापौरांना फोन लावला.

खोदकाम पुढे ढकललं गेलं. आजी-आजोबांना थोडे थोडे करून, नीट अंतर ठेवून, एका रिकाम्या हॉटेलात हलवलं. लॉकडाऊनमध्ये हॉटेलं ओसच होती. त्यानंतर शेत खणलं, तेव्हा चिकणमातीत एक मोठा बॉम्ब आडवा पडलेला निघाला, स्फोट घडवणाऱ्या फ्यूजसकट. पथकाने तो निकामी केला. कोणाला ओरखडाही आला नाही.

मातीत काही अस्थीही मिळाल्या. पायलटची धाकटी बहीण इंग्लंडमध्ये हयात होती. मार्टेनने तिला व्हिडिओ कॉलवर भाऊ सापडल्याचं सांगितलं. तिने आधी विचारलं, तिथे शेतात आता काय पिकतं? बटाटे, असं त्याने सांगितलं. तिला ते आवडलं म्हणे.

नवीन इंजिनिअर आमच्याकडे आले की मी त्यांना एवढंच सांगते: एकच इंजिन अनेक विमानांना बसतं. ओळख सांगाड्याच्या नंबरावरून पटवा, आणि तो वाचून होईपर्यंत खोदणाऱ्यांना कॉफी पाजत राहा.